सूर्याकडे तोंड

आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला नागनाथाचे मंदिर आहे. नामदेवराय तेथे कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा त्यांना समोरून उठवून मंदिराच्या मागच्या बाजूस पाठविण्यात आले. मग देवालाच राहवले नाही. मंदिराने आपले तोंड फिरविले आणि ते नामदेवांच्या समोर आले, अशी आख्यायिका आहे. म्हणून तेथला नंदी अजूनही मागे राहिला आहे, असे जुनी माणसे सांगतात. नरसी हे नामदेवांचे गावही आमच्याच जिल्ह्यातले. त्यामुळे ही कथा आमच्याकडे पोराबाळांना पाळण्यातच ऐकायला मिळते.

कथेचा खरेखोटेपणा तपासणे हे माझे काम नव्हे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. परंतु जिच्याकडून काही मिळवायचे त्या वस्तूकडे तोंड वळवावे लागते, हा तिच्यातला अर्थ मला फार मोलाचा वाटतो. देवाचे सोडा, सूर्याच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे. आणि सूर्याकडे तोंड वळविण्याचा जो इतिहास आहे, त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईत घडले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ह्या दिवाळीला ती हकीकत सांगावी म्हणतो.

सन १८७८. मुंबईच्या कापडगिरण्या वाढीला लागल्या होत्या आणि त्यांच्या बॉयलरांना लागणारा कोळसा विलायतेहून जहाजाने यायचा. खेड्यापाड्यांत सरपणासाठी रानेच्या राने तुटत होती. अशा वेळी मुंबई हायकोर्टातील डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम अ‍ॅडम्स ह्या इंग्रज गृहस्थाच्या मनात आले, की ज्या देशात ऊन असे ओसंडून वाहते, त्याने जळणासाठी परदेशाचे तोंड का पाहावे? दिवसभर दप्तरात मान घालणारा हा माणूस उन्हाच्या नादी लागला.

प्रथम त्याने उन्हाची चूल केली. आठ बाजूंनी आरसे लावून मध्ये भांडे ठेवले. जानेवारी महिन्यात, म्हणजे मुंबईच्या ऐन थंडीत, सात शिपायांचे मांस आणि भाजी दोन तासांत शिजून तयार झाली! मग त्याने मोठा घाट घातला. १७ इंच लांब आणि १० इंच रुंद असे ७२ सपाट आरसे एका मोठ्या चौकटीवर बसविले आणि सगळ्यांची तिरीप एकाच जागी पडेल असे ते जुळविले. त्या जागी लाकडाचा तुकडा धरताच तो तत्काळ पेटला. नंतर तेथे बॉयलर ठेवून त्याने अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन आपल्या बंगल्याच्या आवारात पंधरवडाभर चालवून दाखविले. लष्कराचे सेनापती, न्यायाधीश, गिरणीमालक अशी बडी मंडळी ते पाहून गेली.

ह्यात खरी खुबी कोणती होती? त्याच सुमारास फ्रान्समध्ये ऑग्युस्तँ मूशो हा गणिताचा शिक्षक सूर्याचे इंजिन चालवीत होता. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने उन्हाच्या बळावर चक्क बर्फ तयार करून लोकांना थक्क केले. परंतु मूशोचा आरसा शंकूसारखा, धातूचा. मोठा करावा तर जड होई आणि सूर्यामागे सबंध यंत्र बॉयलरसकट फिरवावे लागे. अ‍ॅडम्सने बॉयलर जागच्या जागी ठेवला आणि आरशांची चौकट त्याच्याभोवती अर्धवर्तुळाकार रुळावर फिरती केली. ह्या कामासाठी एक मजूर पुरे, आणि त्यानेही दिवसातून तीनचार वेळा चौकट सरकवली की झाले, असा त्याचा हिशेब होता.

तीनचार वेळा! वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा; पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

अ‍ॅडम्सने आपल्या प्रयोगांवर पुस्तक लिहिले. गिरण्यांनी मात्र कोळसा सोडला नाही. कोळशाला रात्र आणि पावसाळा अडवीत नव्हते. नंतर १९१३ साली इजिप्तमध्ये कैरोजवळ मीदी येथे फ्रँक शूमन ह्या अमेरिकन माणसाने पन्हाळीसारखे लांबच लांब आरसे उभारले. ते सूर्यामागे आपोआप वळत, आणि त्यांच्या वाफेवर नाईलचे पाणी शेतात चढे. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि तो उद्योगही थांबला. मग तेल आले, आणि सूर्याकडे पाहायला कोणाला सवड उरली नाही.

१९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनच्या तुकड्यातून उन्हाची सरळ वीज निघाली. वाफ गेली, बॉयलर गेला. परंतु तोंड वळविण्याचा प्रश्न गेला नाही. कारण ऊन तिरपे पडले की कमी पडते, ही गोष्ट आरशाला जशी लागू, तशीच काचेखालच्या सिलिकॉनलाही.

सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो एवढेच आपण म्हणतो. पण तो उत्तर-दक्षिणही हिंडतो. शाळेच्या पटांगणात काठी रोवून मुलांकडून तिची सावली मोजून घेणे हा माझा दरवर्षीचा उद्योग. हिंगोलीत डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो नेमका डोक्यावर येतो, काठीची सावली पायाशी नाहीशी होते आणि पोरे टाळ्या पिटतात. नंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो!

बर्फाच्या मुलखात ही गोष्ट आणखी वेगळी. लेहला त्याच डिसेंबरात सूर्य ३२ अंशांच्या वर फारसा चढत नाही. युरोपच्या उत्तरेला, स्टॉकहोमसारख्या शहरी, तो ७ अंशांवर येऊनच परत फिरतो. तेथे सूर्यामागे फिरणाऱ्या चौकटीचा खरा लाभ उन्हाळ्यात. तेव्हा सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो आणि त्याची वाट लांबलचक असते. हिवाळ्यात दिवसच आखूड. मग फिरायचे ते किती? तरीही चौकट कामाला येतेच, पण निराळ्या कारणाने. बर्फ पडू लागला की ती जवळजवळ उभी करतात; म्हणजे बर्फ घसरून खाली पडतो, आणि भोवतालच्या पांढऱ्याशुभ्र जमिनीवरून उसळलेला उजेड काचेवर येतो तो वेगळाच. थंडीत सिलिकॉनची वीजही अधिक निघते. वंगण मात्र गोठते, सांधे आखडतात, बर्फाच्या ओझ्याने चौकट वाकते. फिरणाऱ्या वस्तूला हे भोग आहेतच.

आपल्याकडे बर्फ नाही, पण गारा आहेत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर कोसळलेली गारपीट आमची माणसे विसरलेली नाहीत. गार आडव्या काचेवर नेमकी आदळते, तिरप्या काचेवरून निसटते. म्हणून मोठ्या सौर प्रकल्पांत गारांची चाहूल लागताच चौकटी कलत्या करतात. जोराचा वारा सुटला की ह्याच्या उलट, त्या आडव्या झोपवतात. नागाने फणा केव्हा काढावा आणि केव्हा मिटवावा, तसाच हा प्रकार.

महाराष्ट्राने अ‍ॅडम्सचा धागा पुढे उचलला, तो चुलीच्याच बाजूने. शेजारच्या लातूरला महानंदच्या डेअरीत दूध तापविण्यासाठी ‘अरुण’ नावाची १६० चौरस मीटरची भलीमोठी तबकडी उभी राहिली. ती मुंबईच्या आय.आय.टी.तील शिरीष केदारे ह्यांच्या संशोधनातून आली होती आणि दोन्ही दिशांनी सूर्यामागे वळत होती. शिर्डीला साईबाबांच्या प्रसादालयावर २००९ साली ७३ तबकड्या बसविण्यात आल्या. त्यांच्या वाफेवर हजारोंचा स्वयंपाक शिजू लागला.

आणि आता हे सारे शेताच्या बांधावर आले आहे. आमच्याकडे रब्बीला पाणी देणे म्हणजे रात्रीची ड्यूटी. लाईट रात्रीची आली की थंडीत कुडकुडत, विंचूकाट्याची भीती मनात धरून, गव्हाला नाहीतर हळदीला दारे धरायला जायचे. २०२४ साली राज्य सरकारने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना सुरू केली. शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे आणि दिवसा पाणी द्यायचे. रात्रीची झोप परत मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्या घरातला माणूस रात्री शेतात असतो, त्या घरातल्या बाईला विचारा.

सौरपंपासाठी केंद्र सरकारच्या मंत्रालयाने ठरविलेल्या मानकांत एक सूचना होती: चौकट हाताने दिवसातून तीन वेळा वळविता येईल आणि ऋतूप्रमाणे तिचा कल बदलता येईल, अशी सोय असावी. कुलाब्याच्या बंगल्यातले ‘तीनचार वेळा’ ते हेच! सव्वाशेहून अधिक वर्षांनी तोच हिशेब आमच्या शिवारात आला.

जाणकार म्हणतात, आता प्लेटा स्वस्त झाल्या आहेत. वळविण्याचा खटाटोप करण्यापेक्षा एखादी प्लेट जास्त लावा. म्हणणे चूक नाही. एका आसावर आपोआप फिरणाऱ्या चौकटीने वीज साधारण १५ ते २५ टक्के वाढते. तेवढ्यासाठी लहान शेतकऱ्याने मोटर आणि दाते-चाके का सांभाळावीत? परंतु हाताने वळवायला ना मोटर लागते, ना पैसा. सकाळचे पहिले आणि सायंकाळचे शेवटचे पाणी त्यातूनच वाढते. कळमनुरीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारले, “बाबा, ध्यानात राहतं का?” ते हसले. म्हणाले, “मास्तर, सकाळी जनावरं सोडताना एक डाव, भाकरीच्या वक्ताला एक डाव, अन् उन्हं कलल्यावर एक डाव. बैलाला सावलीत बांधायचं ध्यानात राहतं, मग हिला उन्हात बांधायचं का नाही राहणार?” बाबांच्या चौकटीचे नटबोल्ट तेलाने चकचकीत होते. त्याच शिवारात मी जागच्या जागी गंजून बसलेल्या चौकटीही पाहिल्या आहेत. योजना दोघांनाही सारखीच मिळाली होती. सांगणारा मात्र सर्वांना मिळत नाही. पंप देताना ह्या तीन वेळांचा मंत्र शेतकऱ्याच्या, त्याच्या पत्नीच्या आणि शाळेत जाणाऱ्या मुलांच्या कानी घातला पाहिजे, एवढेच मला मास्तर म्हणून सुचते.

अ‍ॅडम्सचे नाव इतिहासात राहिले, आणि ते योग्यच झाले. त्याची चौकट सरकवायला जो मजूर लागे, त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. आज आमच्या शिवारात चौकट ज्याच्या मालकीची, वळविणारा हातही त्याचाच आहे. पाडव्याला आपण अवजारांपुढे दिवा लावतो. यंदा एक पणती त्या चौकटीपाशीही लावावी, आणि तिच्या नटबोल्टांना चार थेंब तेल घालावे.