सरणाजवळची बाई

एम.ए.च्या वर्गाला ‘बेओवुल्फ’ हे जुनं इंग्रजी काव्य मी शेवटाकडून शिकवायचो. मुलांना ग्रेंडेल राक्षस हवा असे. मी त्यांना आधी सरणापाशी नेई. हे काव्य एका राजाच्या अंत्यविधीनं सुरू होतं आणि दुसऱ्याच्या अंत्यविधीनं संपतं.

पहिला राजा डेन लोकांचा, स्किल्ड. त्याला डोलकाठीपाशी ठेवतात, भोवती शस्त्रं नि दागिने रचतात, वर सोनेरी निशाण लावतात आणि जहाज समुद्रावर सोडून देतात. ही निव्वळ कविकल्पना नव्हे. 1939 साली इंग्लंडच्या सफोकमधल्या सटन हू इथे मातीच्या उंचवट्याखाली 27 मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा सापडला. लाकूड कुजून गेलं होतं, लोखंडी रिव्हेट मात्र ओळीनं जागच्या जागी होते. फरक इतकाच, की तिथे जहाज पुरलं होतं.

दुसरा गीट लोकांचा, बेओवुल्फ. 50 वर्षं राज्य करून म्हातारपणी ड्रॅगनशी लढताना पडलेला. त्याच्याच इच्छेप्रमाणे सरणाला ढाली, शिरस्त्राणं, चिलखतं लटकवतात. काळा धूर उठतो, ज्वाळांच्या आवाजात रडणं मिसळतं. कवी ख्रिस्ती, पण हा अख्रिस्ती दहनविधी तो नाक न मुरडता, तपशिलानं सांगतो.

मग समुद्रकाठच्या कड्यावर दहा दिवस खपून खलाशांना दुरून दिसेल असा उंचवटा उभारतात. ‘दहा’ म्हटलं की वर्गात हमखास कुणीतरी ‘दहावा!’ म्हणायचं. मी सांगायचो, साम्य आकड्यापुरतंच. ड्रॅगनचं सोनंही त्यात पुरतात. ते पूर्वीसारखंच कुणाच्या उपयोगाचं नाही. बारा स्वार भोवती फिरत राजाचे गुण गातात.

पण माझं मन अडकतं ते त्याआधी, सरणाजवळ शोक करणाऱ्या एका बाईपाशी. ती राजाचे गुण गात नाही. आता शत्रू येतील, कत्तल होईल, आपल्याला धरून नेतील, असं ती म्हणते. स्वीडिश लोक चालून येतील हे आधी एका दूतानंही बजावलेलं असतं. राजा गेला म्हणजे कुंपण गेलं, हे तिला कळलंय.

या काव्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, साधारण इसवी सन 1000ची. 1731च्या आगीतून ती कडा करपून वाचली. शेवटचं पान फार झिजलंय, आणि त्यात नेमक्या या बाईच्या ओळी इतक्या पुसट आहेत, की अभ्यासकांना बरीच अक्षरं अंदाजानं भरावी लागतात.

“सर, तिचं नाव काय?” दरवर्षी कुणीतरी विचारायचं. कवीनं ते दिलेलंच नाही.