देशीयकरणाच्या अर्जाची कागदपत्रे (भारत)
जन्माने किंवा वंशाने भारतीय नसलेल्या परदेशी व्यक्तीला नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ६ अन्वये देशीयकरणाने नागरिकत्व मिळू शकते. सर्वसाधारण अट अशी : अर्जापूर्वीचे सलग १२ महिने भारतात वास्तव्य आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी एकूण ११ वर्षांचे वास्तव्य. हा काळ सिद्ध करणे हेच खरे जिकिरीचे काम. म्हणून वैध परदेशी पासपोर्ट व निवास परवाना (किंवा दीर्घकालीन व्हिसा) ही पायाभूत कागदपत्रे ठरतात.

नागरिकत्व नियम, २००९ मधील नमुना ८ सोबत शुल्क भरल्याचे चलन, अर्जदाराचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र आणि त्याच्या चारित्र्याची ग्वाही देणारी दोन भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे लागतात. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान असल्याचा दाखलाही हवा. ती भाषा हिंदीच असावी असे नाही. मराठी किंवा कोकणीही चालते. सर्वांत जुन्या वळणाची अट म्हणजे अर्ज करण्याचा इरादा वृत्तपत्रातून जाहीर करून त्याची कात्रणे जोडणे. जमिनीच्या व्यवहारातील ‘जाहीर नोटिशी’चीच ही भावंडे.

छाननी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, निर्णय केंद्र सरकारचा. अर्ज मान्य झाल्यास मूळ देशाचे नागरिकत्व सोडावे लागते, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. शेवटी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, विश्वशांती किंवा मानवी प्रगतीसाठी विशेष सेवा केलेल्या व्यक्तीला सरकार या अटींतून सूट देऊ शकते.