कळा, शिफ्ट आणि दोन लिप्यांचा हात

सीमाभागात संगणकावर लिहिणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताला एक सवय जडलेली असते. अंगठा ऑल्टवर, करंगळी शिफ्टवर. क्षणभर दोन्ही दाबायचे आणि कळफलकाने आपली भाषा बदलायची. दिवसातून शंभरदा ही क्रिया घडते, आणि शंभरातून पाच वेळा ती करायची राहून जाते. मग ‘मराठी’ असे लिहावे आणि मान वर करून पाहावे, तर पडद्यावर सी, जे, ई, एक अवतरणचिन्ह आणि आर ही इंग्रजी अक्षरे उभी असतात. चूक बोटांची नसते. बोटे योग्य कळांवरच पडलेली असतात. यंत्र मात्र त्या वेळी दुसऱ्या अवस्थेत असते.

या ‘अवस्थे’ला संगणकाच्या परिभाषेत मोड म्हणतात. आज सर्वांच्या हाती रुळलेले कट-कॉपी-पेस्ट या मोडशी झालेल्या एका जुन्या भांडणातून घडले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ते भांडण उभे केले लॅरी टेस्लर यांनी. १९७३ साली ते कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात दाखल झाले. तेथे ‘ब्राव्हो’ नावाची लेखनप्रणाली तयार होत होती. काळाच्या मानाने ती अद्भुत होती, पण तिच्यात आज्ञा देण्याची अवस्था वेगळी आणि मजकूर लिहिण्याची अवस्था वेगळी. आपण लिहिण्याच्या अवस्थेत आहोत असे समजून एखाद्याने ‘एडिट’ हा चार अक्षरी इंग्रजी शब्द टंकला, की प्रणाली त्यातील प्रत्येक अक्षर आज्ञा म्हणून वाची : ई म्हणजे सगळा मजकूर निवडा, डी म्हणजे पुसून टाका, आय म्हणजे नवे घाला, आणि घालायचे काय, तर टी. संपूर्ण दस्तऐवज नाहीसा होऊन त्या जागी एकटा टी उरे. टेस्लर यांना या प्रकाराची इतकी चीड होती की त्यांनी आपल्या मोटारीच्या पाटीवरही ‘नो मोड्स’ ही अक्षरे घेतली.

झेरॉक्सच्या मालकीची ‘गिन’ नावाची पाठ्यपुस्तके काढणारी प्रकाशनसंस्था बॉस्टनजवळ होती. तिच्या संपादकांसाठी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७५च्या सुमारास ‘जिप्सी’ ही प्रणाली रचली. त्या संपादकांचे काम कात्री आणि गोंद यांवर चाले : परिच्छेद कापायचा, दुसरीकडे डकवायचा. ‘कट’ आणि ‘पेस्ट’ हे शब्द तेथून आले. छापखान्याच्या टेबलावरची ही भाषा संगणकाच्या आज्ञांमध्ये जशीच्या तशी उतरली, आणि आमच्या मते तिच्या दीर्घायुष्याचे कारणही हेच. अभियंत्याने घडवलेल्या शब्दापेक्षा कारागिराच्या तोंडचा शब्द जास्त टिकतो.

१९८० साली टेस्लर ॲपलमध्ये गेले आणि १९८३च्या ‘लिसा’ या संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या शेजारच्या चार कळांना आज आपण वापरतो ती कामे मिळाली. एक्सचा आकार फुलीसारखा, म्हणून कापणे. सी हे कॉपीचे आद्याक्षर. व्ही म्हणजे मुद्रितशोधक शब्द घालण्यासाठी जे चिन्ह करतो ते उलटे केलेले. त्या चिन्हाला आपल्याकडे हंसपद म्हणतात. पेस्ट करताना आपण उलटे हंसपद दाबतो, ही गोष्ट मराठी मुद्रितशोधकांना निश्चितच आवडेल.

आयबीएमने १९८७ साली स्वतःची वेगळी वहिवाट घालून दिली : शिफ्ट-डिलीटने कापा, कंट्रोल-इन्सर्टने नक्कल घ्या, शिफ्ट-इन्सर्टने चिकटवा. ती मागे पडली, पण मेली नाही. आजही विंडोजच्या बऱ्याच प्रणालींत या तिन्ही जोड्या मुकाट्याने चालतात. करून पाहावे. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटचे जनकत्वही आयबीएमच्याच डेव्हिड ब्रॅडली यांच्याकडे जाते. त्यांनी आधी डिलीटऐवजी एस्केप कळ योजली होती. पण तिघी एका हाताच्या टप्प्यात येत आणि चुकून दाबल्या जात, म्हणून तिसरी कळ मुद्दाम दूर नेली.

आता आपल्या लिपीकडे येऊ. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक कळफलक ठरवला. त्याचे नाव इन्स्क्रिप्ट. तो आखणाऱ्यांनी टंकलेखकाची जुनी रचना बाजूला ठेवून वर्णमालेकडे पाहिले. मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. ‘के’ दाबली की क, शिफ्टसह दाबली की ख. ग-घ, च-छ, ज-झ, ट-ठ, ड-ढ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ यांचेही तसेच. दहाच्या दहा महाप्राण शिफ्टवर! शालेय व्याकरणातील अल्पप्राण-महाप्राण हा भेद येथे करंगळीच्या एका दाबात उतरला आहे. आणखी एक गंमत : कंट्रोलसह कापणे, नक्कल आणि चिकटवणे करणाऱ्या ज्या तीन कळा, त्यांच्यावर इन्स्क्रिप्टमध्ये अनुक्रमे अनुस्वार, म आणि न आहेत. तिन्ही नाकातले. हा योगायोगच, पण लक्षात ठेवायला सोपा.

आम्हा सीमावासीयांना याहून मोलाची गोष्ट वेगळी आहे. मराठीचा क ज्या कळेवर, कन्नडचा क त्याच कळेवर. ळसुद्धा दोन्हीकडे शिफ्ट-एनवरच. ज्याचा हात मराठीवर बसला, त्याला कन्नड अर्ज टंकताना बोटांना नवे काही शिकवावे लागत नाही; ऑल्ट-शिफ्ट किंवा विंडोज-स्पेस दाबून लिपी बदलली की झाले. कंट्रोलच्या आज्ञाही लिपी कोणतीही असली तरी त्याच कळांवर राहतात. मात्र टेस्लर यांनी जिला हद्दपार करू पाहिले ती अवस्था या लिपीबदलाच्या वाटेने परत आली, आणि ती येथून जाणार नाही. दोन भाषांत राहणाऱ्याला पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातील भाषेच्या खुणेकडे नजर टाकावीच लागते.

याहून वाईट अवस्था आम्ही पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी आमचे एक निवेदन एका कार्यालयात ईमेलने गेले आणि तेथे ते निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडले. ते जुन्या फॉण्टमध्ये टंकले होते. अशा फॉण्टमध्ये आत इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात, त्यांना देवनागरीचा मुखवटा फक्त चढवलेला असतो. तो फॉण्ट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळून पडतो. युनिकोडने १९९१पासून प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला, विंडोजमध्ये ती सोय २०००च्या आवृत्तीपासून आली, तरी मुखवट्याची सवय आमच्याकडे बरीच वर्षे टिकली. कोणता मजकूर खरा, हे ओळखण्याची एक युक्ती वर्डमध्ये दडलेली आहे. सुट्या अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबावे. ‘ळ’च्या जागी ०९३३ उमटले तर अक्षर खरे देवनागरी, पुन्हा ऑल्ट-एक्स दाबले की ‘ळ’ परत येतो. शून्य-नऊने सुरू होणारा असा आकडा आला नाही, तर मजकुराचे रूपांतर करून घ्यावे आणि मगच तो कोणाला पाठवावा.

खऱ्या युनिकोडमध्येही एक जागा निसरडी आहे, आणि ती नेमकी मराठीची आहे. आचार्यास आणि आचाऱ्यास यांतला भेद आपण जपतो. हा दुसरा अर्धा र लिहिण्याच्या दोन रीती रूढ झाल्या. एक, शिफ्ट-जे दाबून ऱ घ्यायचा आणि डी या कळेवरचा हलन्त लावायचा. दुसरी, साधा र आणि हलन्त यांच्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालायचे. विंडोजच्या इन्स्क्रिप्टमध्ये ते कंट्रोल-शिफ्ट-१ वर असते. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच. यंत्राला ती निरनिराळी. परिणामी ‘कऱ्हाड’ हे नाव शंभर पानांच्या दस्तऐवजात दहा ठिकाणी असूनही कंट्रोल-एफ चारच दाखवते आणि शोधणाऱ्याला वाटते, उरलेल्या ठिकाणी उल्लेखच नाही.

आम्ही आता पहिली रीत धरली आहे आणि आमच्यासाठी टंकणाऱ्या सर्वांना तीच धरायला सांगतो. शिफ्ट-जे, डी, मग पुढचे व्यंजन, एवढेच. जुन्या धारिका दुरुस्त करण्याचे काम सावकाश चालू आहे : एका रूपाच्या जागी दुसरे रूप, कंट्रोल-एच दाबून, एकेका दस्तऐवजात. ज्या धारिका अजून राहिल्या आहेत, त्यांत ‘कऱ्हाड’ आम्ही दोनदा शोधतो.