झाकलेलं कोंबडं

‘कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही’ या म्हणीतलं कोंबडं कोंडलेलं नाही, झाकलेलं आहे. ते झाकण म्हणजे बांबूचं डालगं. पाऊस अडवायचं काम पडवीच्या छपराचं, मांजर-मुंगूस अडवायचं काम डालग्याचं. आणि विणीतल्या फटींतून रात्रभर हवा खेळती राहायची. परसात पहिलं खुराडं बांधणारा माणूस आज नेमक्या याच फटी बुजवतो. थंडी-पावसाला दाद न देणारं खुराडं म्हणजे हवाबंद खुराडं, ही त्याची समजूत. कुक्कुटपालनाचा इतिहास तिला आधार देत नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या रोमन शेतीलेखकाने कोंबड्यांचं घर हिवाळी सूर्योदयाच्या दिशेला तोंड करून, स्वयंपाकघराला लागून बांधायला सांगितलं. धूर कोंबड्यांना मानवतो, हे त्याने दिलेलं कारण. सकाळचं ऊन आणि चुलीची धग यांनी जागा कोरडीही राहत असणार, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगातलं पाणी श्वासावाटे आणि विष्ठेतून बाहेर पडतं. बंद खोलीत तेच भिंतींवर साचतं, विष्ठेतला अमोनिया डोळ्यांना आणि फुप्फुसांना जाळतो, आणि कडाक्याच्या थंडीत दमट हवेमुळे तुरे गोठतात. कोरड्या पिसांत धरून ठेवलेली हवा कोंबडीला ऊब देते; ओल ही तिची खरी वैरीण.

अमेरिकेत हा धडा गिरवायला विसावं शतक उजाडावं लागलं. प्रिन्स वूड्स या डॉक्टरने १९१२मध्ये सर्व हवामानांसाठी मोकळ्या हवेची कोंबडीघरं सुचवणारं पुस्तक काढलं. क्षयरोग्यांना मोकळ्या हवेत ठेवण्याच्या उपचाराचा तो काळ. वूड्सच्या घराच्या तीन बाजू घट्ट, दक्षिणेची दर्शनी बाजू मात्र नुसत्या जाळीची, आणि बसायच्या दांड्या पार मागे. बर्फाळ प्रदेशात हे चालतं, कारण मागून वाट नसल्याने वारा आत घुसत नाही. वारा आणि हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वूड्सची सारी मांडणी या फरकावर उभी आहे.

कोकणातला वाचक म्हणेल, आमचा पाऊस आडवा येतो, जाळी काय कामाची? आक्षेप रास्त आहे. नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्यापुढे वूड्सची दक्षिण बाजू जशीच्या तशी उचलणं चूकच ठरेल. आपल्याकडच्या पोल्ट्री शेडनी त्यावर उपाय काढलेला आहे: लांबी पूर्व-पश्चिम, जोतं उंच, पागोळ्या सुमारे तीन फूट बाहेर, आणि जाळीवर गोणपाटाचे पडदे, तेही वरची फट मोकळी ठेवून. दुसरा आक्षेप रोगाचा. फेब्रुवारी २००६मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आल्यापासून मोकळेपणाची धास्ती वाढली, आणि रानपक्ष्यांचा संपर्क टाळायलाच हवा. पण त्यासाठी बारीक जाळी आणि वर पक्कं छप्पर हवं. हवा कोंडून तो संपर्क तुटत नाही, उलट आतल्या कोंबड्यांची फुप्फुसं मात्र दुबळी होतात.

म्हणून पत्रे आणण्याआधी एक पावसाळा थांबा. आपल्या परसात झड कुठल्या बाजूने येते ते पाहा, ती बाजू बंद करा आणि तिच्या समोरची मोकळी ठेवा.