घरगुती संगणकाचें आयुष्य

शिवणयंत्र एकदां घरांत आलें म्हणजे तें सासूच्या हातांतून सुनेच्या आणि सुनेच्या हातांतून नातीच्या हातीं जातें. संगणकाच्या वांट्याला असें भाग्य येत नाहीं. चार-पांच वर्षांनीं तो बदलावयाचाच, असें आपण एखाद्या निसर्गनियमासारखें मानून चालतों. परंतु हा नियम निसर्गाचा नव्हे. त्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास फार जुनाही नाहीं.

१९८२ सालीं अमेरिकेंत ‘कमोडोर ६४’ हा घरगुती संगणक विक्रीस आला. त्याची मेमरी अवघी ६४ किलोबाइट. १९९४ पर्यंत, म्हणजे सुमारें बारा वर्षें, तो जवळजवळ त्याच स्वरूपांत विकला जात होता. त्याची मूळ आज्ञावली चिपमध्येंच कायमची कोरलेली असल्यामुळें ती नवी करण्याचा प्रश्नच नव्हता. मौज अशी कीं, यंत्र तेंच राहूनही त्यावरील खेळ मात्र वर्षागणिक सरस होत गेले. अंथरूण पाहून पाय पसरावे लागत, आणि ते पाय आज्ञावली रचणारांचे होते, गिऱ्हाइकाचे नव्हते!

पुढें उलटी गंगा वाहूं लागली. आय. बी. एम. कंपनीनें १९८१ मध्यें काढलेल्या संगणकाचे भाग सुटे होते. त्याबरहुकूम इतरांनींही यंत्रें बनविलीं, आणि भाग बदलून संगणक वाढविण्याची प्रथा रूढ झाली. ‘विंडोज ९५’ला किमान ४ मेगाबाइट मेमरी पुरे, असें तिचे कर्ते सांगत. २००१ मधील ‘विंडोज एक्सपी’ला ६४ लागली, आणि २००९ मधील ‘विंडोज ७’ला १ गिगाबाइट, म्हणजे १,०२४ मेगाबाइट. चौदा वर्षांत अडीचशे पट! चिपवरील घटक दर दोन वर्षांनीं दुप्पट होतील, असें गॉर्डन मूर यांनीं १९७५ मध्यें वर्तविलें होतें. ती मिळकत नव्या आज्ञावल्यांनीं येतांच खर्ची घातली. निकलाउस विर्थ या स्विस शास्त्रज्ञानें १९९५ मध्येंच ही उधळपट्टी दाखवून दिली होती; ऐकतो कोण?

यानंतरची गोष्ट मला अधिक विचार करण्याजोगी वाटते. २०१५ मध्यें ‘विंडोज १०’ आली, आणि तिच्या ३२-बिट आवृत्तीची किमान मागणी तीच, १ गिगाबाइट! पत्रें लिहिणें, हिशेब ठेवणें, चित्रपट पाहणें यांसाठीं घरांतील यंत्र आतां कमी पडेनासें झालें होतें. मग बदलण्याची सक्ति कोठून आली? ती पंचांगांतून आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं ‘विंडोज १०’ची नेहमींची देखभाल थांबली, घरगुती ग्राहकांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ तेवढी देऊं केली गेली. २०२१ मधील ‘विंडोज ११’च्या अटींत इंटेलचे सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर बसत नव्हते. ते मेजावरील संगणकांत २०१७ च्या आरंभीं आलेले. म्हणजे त्या वर्षीं हौसेनें घेतलेलें यंत्र चार वर्षांतच जातीबाहेर!

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचीं कामें त्यानें अडविलीं. तो ज्या छिद्रांतून शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें चालू आवृत्त्यांसाठीं मार्चमध्येंच दिली होती; ज्यांनीं ती बसविली नव्हती ते सांपडले. तेव्हां दर महिन्याच्या दुरुस्त्या बसविण्यांत आळस नको, हें खरें. पण दुरुस्ती दरमहा हवी, यावरून यंत्र दर चार वर्षांनीं हवें, असें कसें निघतें? छप्पर शाकारण्यासाठीं कोणी घर पाडीत नाहीं.

जुना संगणक मंद झाला म्हणून टाकून देणारे पुष्कळ भेटतात. त्यांतील कित्येकांची तक्रार फिरत्या डिस्कच्या जागीं एस. एस. डी. बसवितांच मिटते. नवी विंडोज ज्यास स्वीकारीत नाहीं, अशा यंत्रावर ‘लिनक्स’ विनामूल्य बसवितां येतें. मात्र आपला नेहमींचा प्रिंटर आणि हिशेबाचा प्रोग्रॅम त्यावर चालतो कीं नाहीं, हें आधीं पाहून घ्यावें.