लवंगेचा दोष नव्हता
दाढ ठणकली की लवंग दाबून धरायची, या जुन्या सवयीला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे, पण चुकीचं. लवंगेतल्या युजेनॉलने ठणका खरोखर बधिर होतो. दंतवैद्यही ते वापरतात. घोटाळा पुढचा: ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली, असं धरलं जातं आणि कीड आत पोखरतच राहते. ‘पण जायचं कुठे?’ हा आक्षेप एकेकाळी रास्तच होता. १८४६ साली ईथरची गुंगी आली, त्याआधी दात उपटणं म्हणजे निव्वळ यातना. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात दंतमहाविद्यालय काढलं ते १९२० साली; दंतवैद्यकाचा कायदा तर १९४८चा. तोवर लवंग हाच शहाणपणा होता. आज ती फक्त रात्र काढण्यापुरती. गाल सुजून ताप आला किंवा गिळणं जड जाऊ लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.