हॉर्नॉकर, मॉरिस

अमेरिकन वन्यजीवशास्त्रज्ञ. प्यूमा (कूगर, पहाडी सिंह, शास्त्रीय नाव प्यूमा काँकलर) या प्राण्याचा पहिला दीर्घकालीन क्षेत्रीय अभ्यास त्यांच्या नावावर आहे. शिक्षण मॉन्टॅना विद्यापीठात. तेथे जॉन क्रेगहेड यांच्या हाताखाली ते यलोस्टोनमधील ग्रिझली अस्वलांच्या अभ्यासात तयार झाले. अस्वल जिवंत पकडायचे, खूण करून सोडायचे आणि वर्षानुवर्षे त्याच्या मागावर राहायचे, ही त्या कामाची रीत त्यांनी पुढे प्यूमाला लावली.

आयडाहोतील काम : १९६४ मध्ये त्यांनी आयडाहोच्या मध्यभागातील बिग क्रीकचे खोरे निवडले. रस्ता नाही, जाणे-येणे लहान विमानाने, पुढे पायी. हंगाम हिवाळ्याचा, कारण तेव्हा बर्फात माग उमटतो आणि हरणे व एल्क खालच्या उतारांवर येतात. विल्बर वाइल्स हे स्थानिक शिकारी त्यांचे सहकारी. कुत्रे प्यूमाला झाडावर चढवीत. मग गुंगीच्या औषधाची सुई मारायची, झाडावर चढून दोर बांधायचा आणि गुंगलेले जनावर अलगद खाली उतरवायचे. वजन-माप, कानात बिल्ला, गळ्यात पट्टा झाला की जनावर मोकळे. वाइल्स यांचे कुत्रे व मागकाढणीचे कसब नसते, तर आकडेवारी उभीच राहिली नसती. नंतरच्या सारांशांत त्यांचा उल्लेख मात्र अनेकदा गळतो.

‘वाइल्डलाइफ मोनोग्राफ्स’ मालिकेत १९७० मध्ये निष्कर्ष आले. अभ्यासाच्या काळात प्यूमा शिकार करीत असूनही म्यूल हरणे व एल्क वाढले. त्यांच्या संख्येवर खरा लगाम हिवाळी चाऱ्याचा होता. भक्ष्य वाढूनही प्रौढ प्यूमांची संख्या मात्र जवळपास स्थिर राहिली. हद्द धरून बसलेले प्यूमा एकमेकांना टाळतात आणि जागा न मिळालेल्या तरुणांना दूर जावे लागते, असे त्याचे स्पष्टीकरण. पुढील टप्प्यात रेडिओ-पट्टे वापरून जॉन सीडेनस्टिकर यांनी ही समाजरचना तपशिलाने मांडली (१९७३). तेच पुढे नेपाळमधील चितवनच्या वाघांकडे वळले.

पूर्वी पश्चिमेकडील अनेक राज्यांत प्यूमा उपद्रवी ठरवून मारणाऱ्यास सरकारी बक्षीस दिले जाई. आयडाहोने १९७२ मध्ये त्याला शिकारयोग्य प्राण्याचा दर्जा दिला, म्हणजे परवाना व हंगाम आले. शिकार थांबली नाही. या बदलाचे श्रेय बहुधा हॉर्नॉकर यांच्या अभ्यासाला दिले जाते. निर्मनुष्य खोऱ्यातील निष्कर्ष इतरत्र, विशेषतः रानमेंढ्यांचे छोटे कळप असलेल्या भागात, कितपत लागू पडतात याविषयी मतभेद आहेत.

संस्था व नंतरचे काम : आयडाहो विद्यापीठातील सहकारी वन्यजीव संशोधन विभागाचे ते प्रमुख होते. १९८५ मध्ये हॉर्नॉकर वन्यजीव संस्था स्थापन. न्यू मेक्सिकोच्या सॅन अँड्रेस पर्वतात केनेथ लोगन व लिंडा स्वीनॉर यांनी संस्थेच्या वतीने दहा वर्षे प्यूमांचा अभ्यास केला. त्यावरील ग्रंथ ‘डेझर्ट प्यूमा’ (२००१).

सायबेरियन वाघ : १९९२ पासून रशियन शास्त्रज्ञांसह सिखोते-अलीन अभयारण्यात अभ्यास. तेथे पट्टा घातलेली ओल्गा ही वाघीण सुमारे तेरा वर्षे निरीक्षणाखाली होती.

लेखन : ‘नॅशनल जिऑग्राफिक’मधील लेख, डेव्हिड जॉन्सन यांच्यासह लिहिलेले आठवणींचे पुस्तक ‘कूगर्स ऑन द क्लिफ’. शॅरन नेग्री यांच्यासह संपादित ‘कूगर : इकॉलॉजी अँड कॉन्झर्वेशन’ (शिकागो विद्यापीठ प्रकाशन) हा या विषयावरचा प्रमाणग्रंथ होय.